परसातल्या खोलीचा लोड

म्हैसूरच्या जुन्या भागात, चामराजपुरम, सरस्वतीपुरम, वोंटिकोप्पल अशा ठिकाणी, बऱ्याच घरांच्या मागे आणखी एक चिमुकलं घर असतं. त्याला इथे सगळे आउटहाउस म्हणतात. पूर्वी तिथे कुठे सरपण असे, कुठे गाय असे, कुठे गावाकडून शिकायला आलेला भाचा असे. आता नशीबवान मालकांकडे इंजिनिअरिंगची मुलं भाड्याने राहतात आणि बाकीच्यांकडे जुने पेपर फुकट राहतात. पुढच्या घराचं सगळं यथासांग झालेलं असतं. नकाशा, मंजुरी, वास्तुशांत, मीटर. मागच्या खोलीत वीज कधी आणि कोणत्या मार्गाने आली, हे मात्र खुद्द मालकालाही धड सांगता येत नाही.

मार्ग साधारण असा असतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक दोनपदरी वायर बाहेर पडते, त्यामुळे ती खिडकी कधीच पुरती लागत नाही. पुढे ती वायर नारळाला एक वेढा घेते, कपडे वाळत घालायच्या तारेवरून काही अंतर कापते, चाफ्याच्या फांदीवर टेकते आणि झरोक्यातून खोलीत शिरते. तिकडच्या टोकाला बल्ब असतो. इकडच्या टोकाला प्लग असेलच असं नाही. वायरीची सोललेली टोकं सॉकेटच्या भोकांत घालून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवलेली असतात. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, ‘टेंपररी आहे.’ अशा टेंपररी वायरींखाली मुलं लहानाची मोठी होऊन अमेरिकेला गेलेली मी पाहिली आहेत. रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकला तर गुन्हा होतो. इथे माणूस स्वतःच्याच घरावर आकडा टाकतो आणि त्याचं बिलही स्वतःच भरतो, म्हणून त्याला कुणी पकडत नाही इतकंच.

आमच्या घरामागची खोली सासऱ्यांनी न्हाणीघरातल्या हंड्याचं सरपण ठेवायला बांधली. पुढे हंडा गेला, गच्चीवर सोलर आलं, आणि ‘लागेल कधीतरी’ या सदरात मोडणारं सगळं सामान त्या खोलीत जमलं. तिथे वीज नव्हती आणि कुणाला ती हवीही नव्हती. घोळ सुरू झाला तो आर. के. नारायण यांच्यामुळे. यादवगिरीतलं त्यांचं घर आता संग्रहालय झालं आहे. आमचे हे निवृत्तीनंतर एकदा तिथे जाऊन आले, वरच्या मजल्यावरची ती भरपूर खिडक्यांची लिहायची खोली बघून आले, आणि रात्री ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, ‘माणसाला स्वतःची अशी एक खोली पाहिजे.’ ह्यांचं आजवरचं सर्वांत दीर्घ लेखन म्हणजे रजा वाढवून मागणारा अर्ज. पण निवृत्त माणसाच्या उत्साहावर पाणी ओतू नये, म्हणून मी आमटी वाढली. मागणं तरी कितीसं होतं? नऊ वॅटचा एक एलईडी आणि पंच्याहत्तर वॅटचा एक पंखा. एकूण चौऱ्याऐंशी वॅट. घरापासून खोली साठ फुटांवर.

वीज डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ती न्यायला खर्च येतो हेही लोकांना दिसत नाही. ती पलीकडे निघाली आहे असं कळताच घरातल्या प्रत्येकाला तिच्याबरोबर आपलंही काहीतरी पाठवावंसं वाटू लागलं.

पहिली उठली ती घरघंटी. सासूबाईंना सांगलीहून इकडे येऊन पन्नासच्या वर वर्षं झाली, पण नाचणीच्या राज्यात राहून त्यांनी ज्वारीवरची निष्ठा ढळू दिलेली नाही. पीठ घरीच दळायचं, आणि दळताना घरात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. ‘ती घंटी त्या खोलीत ने. तू लिही, मी दळते,’ असं त्यांनी आपल्या मुलाला सांगितलं. एक हॉर्सपॉवरची मोटर, म्हणजे ७४६ वॅट. मी फक्त इस्त्रीचं टेबल तिकडे हलवायचं म्हटलं. हजार वॅट. शनिवारी बेंगळुरूहून लेक आली. तिला खोली एकदम आवडली, म्हणाली, ‘बाबा, मला वर्क फ्रॉम होमला मस्त आहे ही. एक एसी लावला की झालं.’ म्हैसुरात एसी लागतो हा विचारच सासूबाईंना गावाचा अपमान वाटला, पण वहीत दीड हजार वॅट पडलेच. जावईबुवा मितभाषी आहेत. ते एवढंच म्हणाले, ‘बाबा, खणताच आहात तर गाडीच्या चार्जिंगचा पॉइंटही काढून ठेवा.’ त्यांच्याकडे विजेवरची गाडी नव्हती. पुढेमागे घ्यायची होती. ३,३०० वॅट. मग कुणीतरी म्हणालं, खोली झाली की पाहुणे येणार, पाहुणे आले की अंघोळ करणार. गीझर, दोन हजार.

ह्यांनी डायरीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली. ८,६३० वॅट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साडेसदतीस अँपिअर. ज्या घरातून ही वीज निघायची होती, त्या सबंध घराचा मंजूर लोड तीन किलोवॅट होता.

‘मला फक्त वाचत बसायचं होतं,’ हे म्हणाले.

इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो ‘नाळे बर्तीनी’ म्हणाला. म्हैसुरात ‘नाळे’ म्हणजे उद्या, आणि इथले उद्या भरपूर मोठे असतात. पण एका सकाळी तो खरंच आला. खिशाला टेस्टर, कानाला पेन्सिल, पिशवीत पक्कड आणि चेहऱ्यावर डॉक्टरी गांभीर्य. त्याने डायरीतली बेरीज पाहिली, मग बेरजेभोवती उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना पाहिलं.

हे म्हणाले, ‘हे बाकीचं सोडा. दिवा आणि पंखा एवढंच. एकची वायर पुरे.’

‘सार,’ तो म्हणाला, ‘वायर बल्ब बघून टाकायची नसते. घरात माणसं कोण आहेत ते बघून टाकायची.’

मला त्याचं म्हणणं तिथल्या तिथे पटलं. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर दिवा आणि पंखा सुखाने चालतील. पण खोलीत एक रिकामं सॉकेट आहे हे ज्या दिवशी घरात कळेल, त्या दिवशी कुणीतरी त्यात इस्त्री खुपसणार. वायर काही तक्रार करत नाही. ती तापते, आतल्या आत तापते, आणि एखाद्या वर्षी तिचं आवरण वितळल्याचा वास येतो तेव्हा माणसं ‘कचरा कोण जाळतंय?’ म्हणून कंपाउंडच्या बाहेर बघतात. त्यामुळे अडीचची, चारची की सहाची या प्रश्नाचं उत्तर गणितात नसतं. आपली सासू ज्वारी सोडेल का, लेक किती शनिवार येईल, जावयाला बढती कधी मिळेल, हे सगळं ओळखून मग वायरीची जाडी ठरवायची असते. लग्न जमवताना लोक याहून कमी चौकशी करतात.

शेवटी तहाची बोलणी झाली. एसी रद्द. सासूबाई जिंकल्या. गीझर रद्द, पाहुण्यांनी सोलरचं पाणी घ्यावं. गाडी येईल तेव्हा गाडीवाले बघतील. इस्त्री आणि घरघंटी एका वेळी लावायची नाही, हा ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि तो कुणीच पाळणार नाही हे गृहीत धरून चारची, तीन पदरांची, पोलादी कवचाची आर्मर्ड केबल ठरली. घरातल्या बोर्डावर तिच्यासाठी वेगळा वीस अँपिअरचा एमसीबी.

‘वीसचा कशाला?’ ह्यांना एकदम हुरूप आला. ‘चाळीसचा टाका. चांगला भक्कम.’

इथे त्या माणसाच्या सहनशक्तीला मी मनातून नमस्कार केला. एमसीबी जितका मोठा तितकी सुरक्षा जास्त, असं मानणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात एमसीबी वायरीला वाचवायला असतो. वायर सोसेल त्याच्या आत तो पडला पाहिजे. त्याला वायरीपेक्षा दणकट केलं, तर आधी वायर पडते आणि मग तो. माणसाला वाचवायला निराळा डबा असतो, आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा तो सतत हिशेब ठेवतो, आणि तीस मिलिअँपिअरची तूट आली की जे काही चाललं असेल ते क्षणात बंद पाडतो. ओल्या हाताने इस्त्री धरणाऱ्या बाईच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट या तुटीत पकडला जातो. ‘म्हणजे सासूबाईंचा डबा,’ मी म्हटलं. किराण्याच्या हिशेबातली तूट त्या याहून लवकर पकडतात.

एवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून शेजारचे रायरु उभे राहिले होते. भिंतीपलीकडच्या घटनांवर त्यांचा अधिकार आहे असं ते मानतात. ‘व्होल्टेज ड्रॉप बघितलात का?’ त्यांनी विचारलं. इलेक्ट्रिशियनने बघितला होता. साठ फुटांत, चारच्या वायरीतून, दहा अँपिअर गेले तर दोनेक व्होल्ट पडतात. २३० मधले दोन. रायरुंना उत्तर मिळालं याचं वाईट वाटलं, म्हणून ते इतिहासात शिरले.

आता म्हैसूरकराला विजेवर बोलू दिलं की तो शिवनसमुद्रापासून सुरुवात करणार. ३० जून १९०२. कावेरीच्या धबधब्यावरचं वीजकेंद्र. कॅप्टन जोली द लॉतबिनिएर या इंजिनिअरचा आराखडा, दिवाण शेषाद्री अय्यरांनी लावलेला जोर, अमेरिकेहून आणि स्वित्झर्लंडहून आलेली यंत्रं. तिथून वीज निघाली ती तीस-पस्तीस हजार व्होल्टच्या दाबाने १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत. त्या काळातल्या जगातल्या सर्वांत लांब वाहिन्यांमधली ती एक. ‘एवढा दाब का? करंट कमी राहावा, वाटेत वाया जाऊ नये म्हणून,’ रायरुंनी माझ्याकडे बघत सांगितलं, जणू साठ फुटांसाठी मी तीस हजार व्होल्ट मागणार होते.

‘पण खरी गोष्ट पुढे आहे,’ ते म्हणाले. ‘१९०२ ला वीज गेली खाणीत. १९०५ ला बेंगळुरूच्या रस्त्यांवर. आणि धबधबा कोलारपेक्षा म्हैसूरला जवळ, राज्य महाराजांचं, तरी महाराजांच्या गावात दिवे कधी लागले? १९०८! सहा वर्षं थांबले नाल्वडी कृष्णराज वोडेयर. तुम्हाला सरपणाच्या खोलीची काय एवढी घाई?’

ह्याला उत्तर नव्हतं. फक्त सासूबाईंनी १९०८ ला दिवाण कोण होतं ते विचारलं. व्ही. पी. माधवराव, कुंभकोणमचे. तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातले. ‘बघा,’ सासूबाई म्हणाल्या, ‘आपला माणूस बसला तेव्हा दिवे लागले.’ सोन्याची खाण आणि बेंगळुरू ज्यांच्या काळात उजळलं ते दिवाण कृष्णमूर्तीही म्हैसूरचे जुने दिवाण पूर्णय्या यांचे वंशज, म्हणजे देशस्थच, हे रायरुंनी सांगितलं असतं तर सासूबाईंनी सबंध शिवनसमुद्र सांगली जिल्ह्याला जोडलं असतं. रायरु हुशार, ते शॉर्टसर्किटकडे वळले. आगीची भीती वगैरे. तेव्हा ह्यांनी एकच वार केला. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली जळाला, तेव्हा त्यात वीज होती का? नव्हती. राजकन्येच्या लग्नात जळाला. रायरुंनी कोपरं उचलली.

केबल वरून न्यायची की जमिनीखालून, यावर मात्र दोन पक्ष पडले. वरून स्वस्त. भिंतीपासून भिंतीपर्यंत जीआय तार ताणायची, तिला केबल बांधत जायची, दुपारच्या आत काम संपतं. पण आमच्या परसात दोन नारळ आहेत. एप्रिल-मेमध्ये चामुंडीच्या डोंगराकडून वळवाचं वारं सुटलं की त्यांच्या झावळ्या कुठे पडायचं याची निवड करतात, आणि ती निवड नेहमी सर्वांत महाग वस्तूवर होते. शिवाय खारी. त्यांना केबलच्या आवरणात काय चव लागते कोण जाणे. म्हणून जमिनीखालून. अडीच फूट खोल चर, तळाला वाळू, वाळूवर केबल, वर पुन्हा वाळू आणि तिच्यावर विटांची रांग. विटा बघून ह्यांना वाईट वाटलं. ‘पुरायच्याच तर जुन्या चालतील ना?’ चालतात. उद्या कुणी केळी लावायला खणलं तर पहारीला आधी वीट लागावी, एवढंच त्यांचं काम.

एस्टिमेट कागदावर आलं, तेव्हा शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं, ‘रिकामा पाइप, एक इंची, साठ फूट.’

‘ह्यातून काय जाणार?’ ह्यांनी विचारलं.

‘आत्ता काही नाही, सार.’

‘मग नंतर?’

‘नोडोण.’

बघू या, या शब्दावर साठ फूट पाइप विकत घेणारा माणूस आमच्या घराण्यात जन्मायचा आहे. ह्यांनी ती ओळ सरळ खोडली, खाली सही केली.

चर खणायला घेतला आणि फूटभर खाली एक वायर लागली. काळी, कापडी वेष्टणाची, बोटाएवढीही जाड नाही. ती कुठून आली आणि कुठे गेली, सांगता येईना. टेस्टर लावला, पेटला नाही. तरी तोडायला कुणी धजेना. हे म्हणाले, टेलिफोनची असेल. रायरु म्हणाले, राजांच्या काळची असेल, म्युझियमला कळवा. खणणारा माणूस पहार खाली ठेवून विडी शोधू लागला. इलेक्ट्रिशियननेही हात मागे घेतला. ज्या वायरीचा मालक माहीत नाही तिला वाकडं बोलू नये, असा त्यांच्यात संकेत असावा.

सासूबाई सावकाश आल्या, चरात वाकून बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. ती बेलची वायर होती. बॅटरीवरची बेल. सासरे संध्याकाळी ‘लाकडं मोजून येतो’ म्हणून त्या खोलीत जायचे आणि विडी ओढत तास तास बसायचे. हाका मारून सासूबाईंचा घसा बसायचा, म्हणून त्यांनीच माणूस लावून स्वयंपाकघरातून बेल ओढून घेतली होती. ‘पोळी तव्यावर टाकली की बटण दाबायचं,’ त्या म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे बघून, ‘बापावर गेलाय.’ नारायणांच्या खोलीची कथा तेव्हाच संपली. हे बराच वेळ विटा मोजत होते.

अर्थिंगचं प्रकरण सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. खोलीला स्वतःचं अर्थिंग असावं म्हणून पलीकडे एक खड्डा घेतला, त्यात पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात, ओलसर जमीन करंट चटकन पोटात घेते. उन्हाळ्यात तिथे अधूनमधून पाणी घालायचं, असं इलेक्ट्रिशियनने सांगितलं. ते त्याने सासूबाईंना मिरजेकडच्या कन्नडमध्ये दम खात खात सांगितलं, कारण त्यांचं कन्नड तिकडचं आहे आणि म्हैसूरच्या मवाळ कानांना ते भांडल्यासारखं वाटतं. तेव्हापासून रोज सकाळी तुळशीला तांब्या आणि अर्थिंगला तांब्या. हळदकुंकू अजून फक्त तुळशीला आहे.

हे सगळं चाललेलं असताना ह्यांच्या डोक्यावर गृहज्योती होती. कर्नाटकात २०२३ ला ही योजना आली तेव्हा घरगुती ग्राहकाला त्याच्या आदल्या वर्षाची सरासरी अधिक दहा टक्के, एवढी वीज फुकट मिळू लागली. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे. आणि महिन्यात दोनशेच्या वर गेलात तर सगळ्याच बिलाचे. या योजनेने कितीतरी नवऱ्यांना मीटर वाचायला शिकवलं. फुकट मिळणाऱ्या वस्तूची काळजी माणूस विकतच्यापेक्षा जास्त घेतो. खोलीत नुसता पंखा फिरला तर तासाला पाऊण दशांश युनिट. घरघंटी तासभर फिरली की पाऊण युनिट. म्हणजे एका दळणात दहा तासांचं वाचन गेलं, असा हिशेब ह्यांनी सासूबाईंना समजावून सांगितला. ‘मग भाकरी खाऊ नकोस,’ असं त्यांनी समजावून सांगितलं.

अंतिम बिल आलं ते नवरात्रात. आयुधपूजेच्या दिवशी म्हैसूरमध्ये हत्यारं, यंत्रं, वाहनं, सगळ्यांना गंध लागतं आणि रस्त्यारस्त्यांवर कोहळे फुटतात. इलेक्ट्रिशियन आपल्या पक्कड-टेस्टरची पूजा आटोपून, कपाळाला मोठा टिळा लावून बिल द्यायला आला, आणि जाताना आमच्या नव्या बोर्डालाही एक टिळा लावून गेला. बिल रास्त होतं. अर्थिंगच्या ओळीत मिठाचा आकडा तेवढा डोळ्यांत भरत होता. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्या मिठात गावजेवण होईल.’ पण सणाच्या दिवशी मिठावरून भांडू नये, म्हणून हे गप्प बसले.

मग खोली उघडली. दिवा लागला, पंखा फिरला, ह्यांनी खुर्चीत अंग टाकलं, पुस्तक मांडीवर उघडलं आणि मोबाइल बाहेर काढला. तो नुसता गोल गोल फिरत राहिला. आमच्या जुन्या घराच्या दीड फुटी भिंती वायफाय बाहेर सोडत नाहीत. सासूबाईंना दळताना मराठी मालिका लागते. लेकीचं ऑफिस तर त्या वायफायमध्येच असतं. म्हणजे पुन्हा वायर, पुन्हा चर, वाळू, विटा आणि भिंतीवर रायरुंची कोपरं. ह्यांनी हताश होऊन इलेक्ट्रिशियनला फोन लावला. या वेळी तो ‘नाळे’ म्हणाला नाही. तासाभरात आला, खोलीच्या कोपऱ्यात वाकला आणि जमिनीलगतचं एक टोपण काढलं. आत पाइप होता, आणि पाइपात ओढायला सुतळीसुद्धा घालून ठेवलेली.

‘करंट आणि नेट एका पाइपात नको, सार. म्हणून वेगळा टाकला. सगळ्यांच्या घरी हेच होतं.’

‘पण एस्टिमेटमधून मी तो काढला होता,’ हे म्हणाले.

‘हो, सार. तुम्ही काढलात,’ तो सुतळी ओढत म्हणाला. ‘मी मिठात धरला.’